उभी राहिली की बरी होणारी बीटल

जुन्या गाड्यांच्या क्लबची हिवाळी सहल असली की सगळ्यात शेवटची गाडी माझी. पुढे चकचकीत रांग आणि मागे माझी व्हॅन. तिच्यात हत्यारं, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, पेट्रोलचा कॅन, ओढायचा दोर आणि गरम पाण्याचा मोठा थर्मास. मागे राहायचे आणि थांबलेल्याजवळ थांबायचे मला पैसे मिळतात.

उन्हाळ्यात गाड्या तापून बंद पडतात. ते मालकांनाही ठाऊक असतं. बोनेट उघडायचं आणि सावलीत गप्पा मारायच्या. हिवाळ्यातली दुखणी आडून येतात. त्या दिवशी सकाळी पारा चार-पाच अंशांवर होता आणि धुकं इतकं ओलं की बोनेटवरून थेंब ओघळत होते. पाऊस नाही, बर्फ नाही, रस्त्यावर मीठ टाकलेलं नाही, म्हणून मंडळी खुशीत होती. मला कोरडी कडाक्याची थंडी परवडली असती.

निघायच्या आधीच मॉरिस मायनरची बॅटरी ढेपाळली. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. एक उत्साही पोरगा जंपर केबल घेऊन धावत आला. लाल चिमटा बॅटरीच्या मोकळ्या टोकाला आणि काळा बॉडीला, ही त्याच्या हाताची सवय. मी लांबूनच ओरडलो. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे सगळं उलटं. त्याने चिमटा टेकवला असता तर ठिणग्यांनीच स्वागत झालं असतं. मग हॅन्डल काढलं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून, खालून वर एक झटका. इंजिनाने उलटा धक्का दिला तर हॅन्डल हातातून सुटून जावं, अंगठा अडकून मोडू नये, म्हणून ही पकड. दुसऱ्या झटक्याला मॉरिस बोलू लागली. पोरगा जरा हिरमुसला, पण हॅन्डल कसं धरायचं ते त्याने माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

रांगेत सगळ्यात पुढे ऑस्टिन सेव्हन होती. वयाचा मान म्हणून तिला पुढे ठेवतात, आणि मग सगळी वरात तिच्या चालीने चालते. तिच्या इंजिनात पाण्याचा पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं खाली उतरतं, एवढ्यावर काम भागतं. इंजिन लवकर तापावं म्हणून मालकाने रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला होता. दिसायला ओंगळ, पण शहाणपणाचा.

शेतांमधल्या सपाट रस्त्यावर रांग छान चालली होती. मधेच एक बीटल, म्हणजे फोक्सवॅगनची मागे इंजिन असलेली गाडी, धक्के मारायला लागली, पुढे जाऊन फुरफुरली आणि कडेला जाऊन बंद पडली. मालक निवृत्त काका, गाडी नुकतीच नव्याने रंगवून घेतलेली. मी पोहोचेपर्यंत मागचं झाकण उघडून पाच-सहा जण आत वाकले होते. अशा ठिकाणी तज्ज्ञांना तोटा नसतो. एक म्हणाला ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर गेला, दुसरा म्हणाला टाकीतला कचरा आला, तिसऱ्याला पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटल्याची खात्री होती.

मी ठरलेल्या क्रमाने गेलो. प्लग काढून करंट बघितला: निळा, टणक. पंपाचा पाइप काढून स्टार्टर मारला: पेट्रोल धारेने येत होतं. पॉइंटची फट बरोबर. हे सगळं परत जोडून चावी फिरवली तर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू, आयडलिंग घड्याळासारखं. मंडळी हसली. काका म्हणाले, "बघा, तुम्हाला बघून घाबरली." मी नाही हसलो. हात न लावता बरं झालेलं दुखणं परत येतंच.

आलं. थोडं अंतर जाताच तेच धक्के, तेच फुरफुरणं. या वेळी मी व्हॅन तिच्या शेपटाला चिकटवूनच ठेवली होती. गाडी थांबल्याबरोबर, बाकीचे तज्ज्ञ पोहोचायच्या आत, झाकण उघडून मी इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्बोरेटरमध्ये मिसळलेली हवा आणि पेट्रोल इंजिनाकडे नेणाऱ्या नळीवर, हात ठेवला. चटका बसेल इतका गार. कार्बोरेटरच्या खालच्या नळीवर बाहेरून पांढरं दहिवर धरलं होतं. नखाने खरवडलं तर नखात राहिलं. चकचकीत क्रोमचा एअर फिल्टर काढला आणि टॉर्च मारून कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. बटरफ्लायच्या, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या चकतीच्या, कडेने बर्फाची कड जमली होती आणि हवा जायला उरलेली फट जेमतेम होती.

"काका, इकडे या. बोट घाला."

त्यांनी बोट घातलं आणि झटकन काढलं. "बर्फ? चालू इंजिनात?"

चालू इंजिनातच. स्पिरिट हातावर घेतलं की हात गार पडतो, तसं पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. शिवाय अरुंद जागेतून हवा ओढली गेली की तिचा दाब पडतो आणि तीही गार होते. दोन्ही मिळून कार्बोरेटरच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज खाली येऊ शकतं. बाहेर पाच अंश आणि हवा ओलीगच्च असेल तर आतल्या धुक्याचा बर्फ होणारच. कडाक्याच्या थंडीत हवेत ओल कमी असते, म्हणून हा त्रास तेव्हा उलट कमी होतो. कार्बोरेटरवर उडणाऱ्या छोट्या विमानांत याच कारणासाठी गरम हवा सोडण्याची वेगळी खुंटी असते. वैमानिकांना ती शिकण्याच्या सुरुवातीलाच दाखवतात. गाडी बंद पडली की इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो, आणि मेकॅनिक येईपर्यंत पुरावा पाणी होऊन गेलेला असतो. म्हणून तर ती उभी राहिली की बरी होत होती.

त्यात ऑस्टिनची चाल. तिच्यामागे हळू चालायचं म्हणजे ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला, बटरफ्लाय जवळजवळ मिटलेलं. बर्फ धरायला हीच जागा सगळ्यात सोयीची.

पण सगळ्याच बीटल हळू चालून गोठत नाहीत. या मॅनिफोल्डखालून एक बारीक नळी जाते. तिच्यातून सायलेन्सरकडचा गरम धूर फिरतो आणि कार्बोरेटरचं बूड तापवतो. इंजिन चालू असताना या नळीला हात लावणं शक्य होऊ नये. मी खुशाल मुठीत धरून दाखवली. काजळीने आतून बुजली होती. दुसरा आधार होता तो मूळच्या काळ्या, बोजड, तेल भरलेल्या फिल्टरचा. त्याला जोडलेला जाड पाइप थंडीत गरम हवा आणून देतो. तो काढून काकांनी क्रोमचा बसवला होता. "दिसायला बरा म्हणून हो," काका म्हणाले. १९७२ साली फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा उत्पादनाचा विक्रम मोडण्याइतक्या बीटल ज्यांनी बनवल्या, त्यांना चार पैसे वाचवायला तो पाइप काढून टाकणं कळलं नसतं का? क्रोमच्या फिल्टरवर माझा जुना राग आहे, हे कबूल.

रस्त्यावर नळी साफ होणं शक्य नव्हतं. फडकं गुंडाळून मॅनिफोल्डवर थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, फिल्टर परत लावला आणि काकांना सांगितलं, "आता रांग विसरा. ऑस्टिनला ओलांडा, टॉपला टाकू नका, तिसऱ्यातच ठेवा, इंजिन जरा ओरडू दे." वयाचा मान मोडून पुढे जायला ते बिचकले. शेवटी ऑस्टिनच्याच मालकाने हात बाहेर काढून वाट दिली. मुक्कामापर्यंत बीटल कुठेही थांबली नाही, फक्त आम्ही पोहोचायच्या बऱ्याच आधी पोहोचली.

हिवाळ्यात जुन्या गाड्या काढूच नयेत असं म्हणणारे क्लबात आहेतच. पण इंग्लंडमधल्या लंडन ते ब्रायटनच्या वार्षिक फेरीत १९०५ च्या आधीच्या गाड्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निघतात, आणि त्यातल्या कित्येकांना छप्परही नसतं. जेवणाच्या टेबलावर हा वाद बराच वेळ चालला. मी जेवत होतो.

नंतर काका गाडी गॅरेजला घेऊन आले. मॅनिफोल्ड उतरवला, ड्रिलला तारेची दोरी लावून नळीत फिरवली, तेव्हा कोळशासारखे टणक तुकडे पडायला लागले. शेवटचा अडसर निघाला आणि दुसऱ्या टोकातून उजेड दिसला. जुना फिल्टर त्यांच्याकडे माळ्यावर होताच. तो धुऊन, तेल भरून, पाइपासकट बसवला. क्रोमचा हातात घेऊन ते थोडा वेळ घुटमळले.

"उन्हाळ्यात लावला तर चालेल?"

"चालेल. पण हवा ओली झाली की काढायचा."

"म्हणजे वर्षातून किती दिवस चालेल?"

मी बोटं मोजायला लागलो, तेव्हा त्यांनी तो माझ्या भंगाराच्या पेटीत टाकला.