‘अर्धसत्य’: रामा शेट्टीच्या खुनाआधीचा खून

(कथानक शेवटासकट उघड केलं आहे.)

‘अर्धसत्य’चा विषय निघाला की लोकांना आधी शेवट आठवतो: सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) गुंडांचा म्होरक्या रामा शेट्टीचा गळा दाबतो. पण १९८३च्या या हिंदी चित्रपटातली खरी शोकांतिका त्याआधीच घडून गेलेली असते. ती घडते पोलीस कोठडीत, एका भुरट्या चोराच्या बाबतीत. चोरीचा माल काय, तर एक ट्रान्झिस्टर.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. तिची बांधणी पायरीपायरीने बघावी अशी आहे. भाजलेल्या माणसाच्या जबानीवरून वेलणकर शेट्टीला पकडायला जातो, शेट्टी वर एक फोन लावतो आणि वेलणकरला हात हलवत परतावं लागतं. दुसऱ्या एका प्रकरणात वस्तीतल्या बाईची छेड काढणाऱ्यांना तो बडवतो, तर आमदाराकडून त्याच्याच निलंबनाची मागणी होते. इथे वरिष्ठ हैदर अली मध्ये पडतो आणि दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाकडून प्रकरण मिटवून आणतो. मला हा सगळ्या चित्रपटातला सर्वांत निर्णायक प्रसंग वाटतो. वेलणकरची बाजू खरी होती, पण तो सुटला वशिल्यावर. त्या दिवसापासून त्याचा प्रामाणिकपणाही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर उभा आहे आणि हे त्याला कळतं. मग जिवावर उदार होऊन पकडलेल्या डाकूचं श्रेय भलत्याच अधिकाऱ्याला जातं. वर निवडणुकीला उभ्या राहिलेल्या शेट्टीच्याच बंदोबस्ताला त्याला उभं केलं जातं.

आता राग वर जाऊ शकत नाही. वर फोन आहेत, आमदार आहेत. म्हणून तो खाली उतरतो आणि ज्याच्यासाठी कुणीही फोन करणार नाही अशा माणसावर कोसळतो. ट्रान्झिस्टर चोरणारा मार खाऊन मरतो तेव्हा त्याच्या अंगावर पडलेला एकही फटका त्याच्या गुन्ह्याचा नसतो. ते सगळे शेट्टीच्या वाटचे असतात. बायकोवर हात उगारणारा वेलणकरचा फौजदार बाप (अमरीश पुरी) आणि त्याला अडवू न शकलेला मुलगा आपण आधीच पाहिलेला असतो. ज्या हाताचा त्याला लहानपणी तिटकारा होता, तोच हात आता त्याच्या खांद्याला आहे.

ओम पुरींनी हे जबड्यात आणि मानेत धरून ठेवलंय. दिलीप चित्र्यांची कविता वाचण्याचा प्रसंग पुन्हा लावून बघा. प्रेयसी ज्योत्स्नाने हातात दिलेलं पुस्तक तो सहज म्हणून वाचू लागतो. एका पारड्यात नपुंसकता, दुसऱ्यात पौरुष आणि तराजूच्या काट्यावर अर्धसत्य, या ओळींपर्यंत येताना आवाज पार बदललेला असतो. शब्द कवीचे आहेत, पण बोलतोय वेलणकर. या भूमिकेसाठी पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य माणसाला मिळाला.

सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी ओरडत नाही. त्याला तशी गरजच पडत नाही. त्याच्या शांतपणातूनच कळतं की पोलीस ठाणं कुणाच्या खिशात आहे. नसीरुद्दीन शाहचा लोबो थोडाच वेळ दिसतो. नोकरी गमावलेला, दारूत बुडालेला हा इन्स्पेक्टर म्हणजे वेलणकरचा पुढचा मुक्काम.

उणं एवढंच, की स्मिता पाटीलसारखी अभिनेत्री असून ज्योत्स्नाच्या वाट्याला बऱ्याचदा फक्त ऐकणं येतं. काही संवाद, पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा समजावून सांगतात. दिग्दर्शनासोबत छायाचित्रणही गोविंद निहलानींचंच, त्यामुळे कॅमेरा मात्र असं समजावत बसत नाही.

शेवटाकडे या हिशेबाने पाहिलं तर तो न्याय वाटत नाही. कोठडीतल्या मृत्यूतून वाचायला वेलणकर शेट्टीच्या दारात मदत मागायलाच गेलेला असतो. देसाईची पायरी चढलेल्या माणसाला हैदरने पुढची पायरी दाखवली, एवढंच. शेट्टी मदतीला तयार आहे, अट फक्त आपला माणूस होण्याची. गळ्याकडे हात जातात ते या अपमानापोटी. आणि तो स्वतः ठाण्यात हजर होतो, तेव्हा त्याच्या नावावर दोन मृत्यू असतात. त्यातला पहिला आपल्या लक्षातच राहत नाही.