डीएनएचं मॉडेल: काड्या नंतर, पट्टी आधी

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की बडोद्यातल्या मराठी घरांतही थर्मोकोलचा भुगा उडायला लागतो. मुलं शिकतात गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात, पण डीएनएची शिडी सगळीकडे सारखीच: ए-टीमध्ये दोन काड्या, जी-सीमध्ये तीन. (ए, टी, जी, सी ही पायऱ्या बनवणाऱ्या चार घटकांची, म्हणजे बेसची, नावं; काडी म्हणजे दोन बेसना जोडणारा हायड्रोजन बंध.) "एसमोर जी का नाही?" असं विचारलं की उत्तर येतं, "बंध जुळत नाहीत." हे अर्धंच उत्तर झालं. ए-जी जोडी त्याआधी मापातच मार खाते.

ए आणि जी दोन कड्यांचे, म्हणून लांब. टी आणि सी एका कड्याचे, आखूड. लांबाला आखूड मिळाला की दोन्ही बाजूंच्या शर्करांमधलं अंतर, बेस जिथे जोडलेला असतो त्या कार्बनपासून मोजलं तर, सुमारे १.०८ नॅनोमीटर भरतं. ए-टी असो वा जी-सी, आकडा जवळपास तोच. म्हणूनच कोणत्याही क्रमाने जोड्या रचल्या तरी कणा, म्हणजे शर्करांची बाहेरची साखळी, एकसारखा राहतो. दोन लांब समोरासमोर आले तर कणा फुगेल, दोन आखूड आले तर आत खचेल.

आता ए-सी घ्या. लांब-आखूड आहे, रुंदी बसते. इथे मात्र बंधांचा प्रश्न खरा: एचा हायड्रोजन देणारा गट सीच्या देणाऱ्यासमोर येतो आणि घेणारा घेणाऱ्यासमोर. दोघांनीही हात पुढे केला, पण द्यायला-घ्यायला काही नाही.

मॉडेल करायचंच तर १ नॅनोमीटरला ५ सेंटिमीटर हे प्रमाण धरा. १० सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या २१ चकत्या कापा. जवळपास दोन वेढे होतात. प्रत्येक चकतीच्या कडेवर दोन खुणा करा, पण समोरासमोर नको. मध्यापासून मोजून १३० अंशांवर करा. खुणांमधलं सरळ अंतर ९ सेंटिमीटर येईल: दोन्ही टोकांना शर्करेचे १.८-१.८, मध्ये जोडीचे ५.४. त्यात लांब बेसला ३.२ आणि आखूडला २.२ द्या. ही रेघ केंद्रातून न जाता बाजूने जाते, आणि तशीच हवी. बहुतेक मॉडेलं इथेच चुकतात. खुणा १८० अंशांवर केल्या की दोन कण्यांमधल्या दोन्ही खाचा सारख्या होतात. खऱ्या डीएनएत एक खाच रुंद असते, एक अरुंद.

चकत्या मधल्या दांड्यात ओवा. एका चकतीपासून दुसरीपर्यंत १.७ सेंटिमीटर, पुठ्ठा ३ मिलिमीटरचा असेल तर मधली स्ट्रॉची नळी १.४ सेंटिमीटर कापा. वरून पाहताना खालची प्रत्येक चकती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ३४ अंश फिरवा. उलट फिरवलीत तर डावा पीळ होईल. ताडून पाहायला साधा स्क्रू जवळ धरा, पीळ तसाच दिसला पाहिजे. एका कण्याचे बाण वर, दुसऱ्याचे खाली. दांडियात समोरासमोरच्या रांगा उलट दिशांनी सरकतात, तसं.

पुठ्ठ्याला कमी लेखू नका. १९५३च्या फेब्रुवारीत, डीएनएची रचना शोधताना, जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचेच बेस कापून जुळवत होता. आधी जुळेनात, कारण पुस्तकांत छापलेले जी आणि टीचे आकार चुकीचे होते, हायड्रोजन भलत्या अणूवर. रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यूने ते दाखवून दिलं आणि जोड्या बसल्या. गंमत म्हणजे त्या वर्षी जी-सीलाही दोनच बंध धरले होते. तिसरा पॉलिंग आणि कोरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९५६मध्ये दाखवला. तिसऱ्या काडीवाचूनही रचना उभी राहिली होती!

रुंदी तपासण्याचं काम पेशीही करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले वेंकी रामकृष्णन यांना २००९चं नोबेल मिळालं ते रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी. तिथे आरएनएच्या तीन-तीन अक्षरांच्या जोड्या जुळतात. रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएतले दोन ए, क्रमांक १४९२ आणि १४९३, बाहेर वळून या जोड्यांच्या उथळ खाचेत बसतात आणि पहिल्या दोन जोड्यांचा आकार चाचपतात. तिसऱ्या जोडीवर एवढी कडक नजर नसते, म्हणून तिथे जी-यू (आरएनएत टीच्या जागी यू असतो) ही जराशी सरकलेली जोडीही चालून जाते.