सॉस वेगळ्या वाटीत: नाशिकच्या स्टेक-बर्गर फेऱ्या, ठिकाण अकरावं

शनिवारी अकरावं ठिकाण झालं. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर जेमतेम सहा टेबलांचं कॅफे. दोन चिकन स्टेक, एक पनीर स्टेक, दोन चिकन बर्गर, दोन फ्राइज आणि तीन लिंबू सोडे घेतले. ५ टक्के जीएसटी धरून बिल १,९३२ रुपये, म्हणजे माणशी ३८६. जानेवारीत ठरवलेली माणशी ५०० ची मर्यादा अजून एकदाही ओलांडलेली नाही. आणि मुख्य म्हणजे स्टेक कापला तेव्हा सुरीखाली ओल चमकली. दोऱ्यासारखं सुटणारं पांढरंफटक चिकन नव्हतं ते. अकरा ठिकाणांत हे दुसऱ्यांदाच घडलं, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आम्ही पाच जण. मी, अंबडच्या कारखान्यात टूलरूम सांभाळणारा मित्र, बँकेतली मैत्रीण (हिशेबाची वही तिच्याकडे), इंदिरानगरची मैत्रीण, जी अंडंही खात नाही, आणि तिचा कॉलेजात शिकणारा भाचा, जो माझ्या वाटणीच्या फ्राइजही खातो. महिन्यातून एक शनिवार, कधी जमलं तर दोन. ठिकाण स्वस्त असावं, स्टेक किंवा बर्गर तिथेच बनत असावा आणि पाचही जणांना खाण्यासारखं काही असावं, एवढंच बघतो.

मांसाबद्दल एकदा स्पष्ट लिहिते, कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे राज्यात कुठे मेनूवर ‘टेंडरलॉइन’ किंवा ‘अंडरकट’ (मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा) दिसलं, तर ते बहुधा म्हशीचं असतं. आमच्या बजेटातल्या नाशिकच्या कॅफेंमध्ये आम्हाला ते दिसलंच नाही. इथे स्टेक म्हणजे चिकन, कधी बासा मासा, कधी पनीर किंवा मशरूम. त्यामुळे मीडियम रेअर वगैरे चर्चेला आमच्याकडे जागा नाही. ती अख्ख्या लाल मांसाच्या तुकड्याची भाषा. आत ५५ अंशांच्या आसपास उतरवलेला तसा तुकडा गुलाबी आणि रसरशीत राहतो. चिकनला हा पर्याय नाही. ते आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं की निर्धास्त खावं. खाली राहिलं तर धोका, आणि ८० च्या पुढे गेलं तर चोथा. म्हणजे चिकन स्टेक करणाऱ्याच्या हातात फार थोडी जागा असते. एवढ्या अरुंद जागेत नेमका थांबणारा आचारी मला फार मोठा वाटतो.

हे आकडे आमच्या चर्चेत आले ते अंबडच्या मित्रामुळे. मार्चमध्ये त्याने टोचून बघायचा थर्मामीटर आणला. कामातली सवय म्हणून आधी घरी तपासला. बर्फाच्या पाण्यात बरोबर शून्य, पण उकळत्या पाण्यात ९८. त्याला वाटलं, यंत्रात दोष आहे. मग लक्षात आलं की नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. यंत्र अगदी बरोबर होतं. तेव्हापासून पहिला काप घेण्याआधी जाड भागात सुई जाते आणि आकडा वहीत लिहिला जातो. आतापर्यंतचे चिकन स्टेकचे आकडे असे: ८३, ८१, ८५, ७६, ६१, ८२, ७४.

तो ६१ चा स्टेक आम्ही खाल्ला नाही. बाहेरून छान खरपूस होता, मध्ये मात्र काचेसारखा. परत दिला तर त्यांनी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून तोच आणला. कडा रबरासारख्या झाल्या होत्या. भाचा म्हणाला, “मावशी, थर्मामीटर नसता तर आपण खाल्लं असतं ना?” खाल्लं असतं, कारण त्यावर मिरीचा दाट सॉस ओतलेला होता आणि आत काय आहे ते दिसत नव्हतं.

आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम याचसाठी आहे, सॉस वेगळ्या वाटीत मागायचा. सुरुवात फेब्रुवारीत झाली. कॉलेज रोडच्या एका ठिकाणी मशरूम सॉसमध्ये बुडालेला स्टेक आला, सगळ्यांना आवडला. अर्धा संपल्यावर बँकेतल्या मैत्रिणीने एक तुकडा पाण्याने धुऊन खाल्ला, आणि आम्हालाही खायला लावला. वातड, आळणी. चव सगळी सॉसची होती. पुढे एका ठिकाणी आम्ही म्हटलं, “दादा, सॉस वेगळ्या वाटीत द्याल का?” थोड्या वेळाने मालक स्वतः टेबलापाशी आले.

“ताई, सॉस वेगळा दिला तर प्लेट कोरडी दिसते हो. लोक म्हणतात, कमी दिलं.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. साडेतीनशे रुपये देणाऱ्याला भरलेली प्लेट हवी असते, आणि दुकान त्या माणसावर चालतं. पण सॉस वरून ओतला की आचाऱ्याने केलेलं चांगलं आणि वाईट दोन्ही झाकलं जातं. त्या मालकांनी वाटी दिली. स्टेकचा आकडा ७६ आला, आणि तो कोरडा दिसत असूनही आतून मऊ होता. मी आत जाऊन त्यांना हे सांगून आले. हे मनासारखं मिळालेलं पहिलं ठिकाण.

आता शनिवारच्या ठिकाणी परत येते. सॉस वेगळा मागितल्यावर तिथला तरुण आचारी शेवटी बाहेर आला. काही आवडलं नाही का, असं विचारायला आला होता. आवडलं म्हटल्यावर खुर्ची ओढून बसला आणि सगळं सांगून टाकलं. चिकनचं ब्रेस्ट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतं, म्हणून तो ते प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलकं बडवतो, सगळीकडे बोटभर जाडी येईपर्यंत. मग लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम मीठ या हिशेबाने खारं पाणी करून त्यात चार तास फ्रिजमध्ये ठेवतो. मिठामुळे मांसातली प्रथिनं सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे तव्यावर दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तरी चोथा होत नाही. बाहेर काढल्यावर कपड्याने अगदी कोरडं टिपतो. पृष्ठभाग ओला असेल तर तव्याची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते आणि तांबूस रंग चढत नाही. तो खरपूसपणा साधारण १४० अंशांच्या पुढेच नीट सुरू होतो, आणि ओल्या पृष्ठभागाचं तापमान पाणी उडेपर्यंत शंभराच्या वर जात नाही.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं. तो स्टेक थोडा आधी उतरवतो आणि चार-पाच मिनिटं ताटलीखाली झाकून ठेवतो. बाहेरची उष्णता आत शिरत राहते आणि आतलं तापमान आणखी चार अंश चढतं. “गिऱ्हाईक घाई करतं, पण मी तेवढी चार मिनिटं सोडत नाही,” असं म्हणाला. आमच्या थर्मामीटरवर ७४ आला होता.

सिझलरबद्दलही लिहायला हवं, कारण नाशिकमध्ये स्टेक मागितला की निम्म्या ठिकाणी सिझलरच पुढे येतो. लाकडी पाटावर बीडाची तापलेली प्लेट, खाली कोबीची पानं, वरून लोणी आणि तो चर्रर्र आवाज. आवाजाने सगळं टेबल वळून बघतं, मलाही तो आवडतो. पण प्लेट टेबलावर आल्यानंतरही चिकन शिजतच राहतं. एप्रिलमध्ये आम्ही मुद्दाम मोजलं. आला तेव्हा ७६, गप्पा मारून सहा मिनिटांनी ८२. म्हणून आता आल्या आल्या चिकन उचलून कोबीच्या जाड पानावर ठेवतो. पान मध्ये असलं की चिकनचा तापल्या लोखंडाशी थेट संबंध राहत नाही. नूडल्स आणि भाज्या खुशाल प्लेटवर राहू द्याव्या, त्या करपल्या तर उलट चांगल्या लागतात.

बर्गरची गोष्ट वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर या नऊ महिन्यांत माझं मन बर्गरकडेच जास्त वळलंय. नव्वद-शंभर रुपयांचा चिकन बर्गर बहुतेक ठिकाणी गोठवलेली, कवच लावलेली टिक्की तळून बनतो. पोट भरतं. पण टिक्की पाकिटातून येते, त्यामुळे दहा दुकानांत एकच चव मिळते. ताज्या खिम्याची पॅटी आम्हाला अकरापैकी चार ठिकाणी मिळाली, किंमत १६० ते २२०.

ताज्या खिम्यात दोन अडचणी येतात. पहिली चरबीची. परदेशी बर्गरमध्ये गोमांसाच्या खिम्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी असते, तीच तापल्यावर पॅटीला रसरशीत ठेवते. चिकन ब्रेस्टच्या खिम्यात चरबी नावालाच. ज्यांनी मांडीचं मांस वापरलं, त्यांची पॅटी जिंकली. दुसरी अडचण मिठाची. खिम्यात आधीच मीठ घालून मळलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि पॅटी सॉसेजसारखी, चावल्यावर उसळणारी होते. मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून भुरभुरावं, आणि खिमा मळू नये, फक्त गोळा करावा. मटण खिम्याचा बर्गर एका ठिकाणी खाल्ला. आलं-लसूण, गरम मसाला, पुदिना सगळं होतं. चविष्ट होता, पण तो बनमधला शामी कबाब होता. वहीत त्याला वेगळं पान दिलंय.

बनच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. बेकरीतला ताजा बन आडवा कापून लोण्यावर तांबूस भाजला की आतल्या बाजूला पातळ कवच येतं आणि रस झिरपत नाही. न भाजलेला बन तिसऱ्या घासाला हातात फुटतो. फक्त बन भाजलाय का एवढं बघून स्वयंपाकघरात किती लक्ष आहे ते मला कळतं.

आणि कांदा! इतकं लिहायचं ठरवलं नव्हतं, पण नाशिकमध्ये राहून बर्गरच्या कांद्याबद्दल न लिहिणं बरं दिसत नाही. मे महिन्यात एका ठिकाणी बर्गरवरचा परतलेला कांदा गुळासारखा गोड आणि गडद होता. मालकांचं घर निफाडकडचं, कांदा घरच्या कांदाचाळीत साठवलेला, उन्हाळ, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा. त्यात पाणी कमी, म्हणून मंद आचेवर लवकर आटतो आणि रंग धरतो. हिवाळ्यातला नवा लाल कांदा जानेवारीत आम्हाला दुसरीकडे मिळाला होता. त्याला पाणी सुटून पॅटी ओली झाली होती. तो कच्चाच, पातळ चकत्या करून घालायला हवा.

श्रावणात मांसाहार बंद. बँकेतली मैत्रीण आणि मी दोघी पाळतो, त्यामुळे तो महिना इंदिरानगरच्या मैत्रिणीच्या हाती दिला. ती म्हणाली, “आठ महिने तुम्ही काय खाता ते मी बघतेय, आता माझ्या प्लेटचंही तेवढंच मोजा.” तिचं बरोबर होतं. आम्ही पनीर स्टेककडे नीट बघितलंच नव्हतं. पनीर आंबट घालून फाडलेल्या दुधाचं असतं, म्हणून चीजसारखं वितळत नाही, तव्यावर आकार धरून तांबूस होतं. स्टेकसाठी याहून सोपी वस्तू नाही, तरी बहुतेक ठिकाणी फ्रिजमधलं थंडगार पनीर थेट तव्यावर टाकतात. बाहेर करपतं आणि मध्ये गार राहतं. श्रावणातल्या दोन ठिकाणांपैकी एकात पनीर आधी कोमट मिठाच्या पाण्यात ठेवलेलं होतं. आतपर्यंत मीठ, आतपर्यंत मऊ. या वर्षातल्या माझ्या पहिल्या तीन प्लेट्समध्ये ती आहे. आलू टिक्की बर्गर मात्र दोन्हीकडे सारखाच, गोड मेयोनीजमध्ये हरवलेला.

घरचा प्रयोग एकच झाला, जूनमध्ये. भांडी बाजारातून बीडाचा जड तवा आणला, ८०० ग्रॅम मांडीचा खिमा, इंदिरानगरच्या मैत्रिणीसाठी वेगळा तवा. गोळा तापल्या तव्यावर टाकून लगेच उलथन्याने चेपायचा, पहिल्या अर्ध्या मिनिटातच. नंतर चेपलं तर आतला रस बाहेर येतो आणि तव्यावर जळून जातो. पहिल्या दोन पॅट्या चिकटल्या, तवा पुरेसा तापलेला नव्हता. तिसरीपासून कडा जाळीदार झाल्या, कुरकुरीत, घावनाच्या कडेसारख्या. हिशेब माणशी १२० रुपये आला. एवढ्यात घरी होतं म्हणून बाहेर जाणं थांबवावं, असं कोणालाच वाटलं नाही. शनिवारी पाच जणांनी एका टेबलाभोवती बसून एकाच प्लेटवर वाद घालायची मजा घरी येत नाही, कारण घरी तव्यापाशी कोणीतरी एक उभं असतंच.

बारावं ठिकाण देवळाली कॅम्पकडे बघायचं ठरलंय, नवरात्र झाल्यावर. भाच्याला तिथला बासा स्टेक खायचाय. मासा चिकनपेक्षा लवकर शिजतो, ६३ अंशांना उतरवला तरी चालतो, त्यामुळे थर्मामीटर आणखी लवकर टोचावा लागेल. आधी त्याचा सेल बदलायचाय, शनिवारी शेवटी आकडा फिका दिसत होता. सॉस लिंबू-लोण्याचा असतो म्हणे. तोही वेगळ्या वाटीतच मागणार आहोत.