पहिला एफए कप: १८७१-७२

बाद फेरीच्या स्पर्धेत जो हरतो तो बाहेर पडतो, हा नियम आज आपण गृहीत धरतो. पण १८७१-७२ चा पहिला एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची (एफए) बाद फेरीची फुटबॉल स्पर्धा, याविषयी वाचताना मला सर्वाधिक भावते ती त्या नियमाची अजून न बसलेली घडी. एफएचे सचिव चार्ल्स ऑलकॉक यांनी जुलै १८७१ मध्ये ही कल्पना मांडली आणि अवघ्या पंधरा संघांनी नावे नोंदवली. त्यांतलेही काही पुढे खेळलेच नाहीत.

ग्लासगोच्या क्वीन्स पार्कची कथा मला आजही चटका लावते. एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोहोचलेल्या या संघाने लंडनला येऊन तिथल्याच वाँडरर्स संघाला गोलशून्य बरोबरीत रोखले, मात्र फेरसामन्यासाठी पुन्हा तेवढा प्रवास करण्याइतके पैसे नसल्याने त्यांनी माघार घेतली. ते हरले नव्हते, हे विसरता कामा नये.

१६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर सुमारे दोन हजार प्रेक्षकांसमोर वाँडरर्स आणि ब्रिटिश लष्कराचा रॉयल इंजिनिअर्स संघ यांच्यात अंतिम सामना झाला. गोलच्या खांबांवर आडव्या दांडीऐवजी फीत ताणलेली होती आणि प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलत. रॉयल इंजिनिअर्सचे पारडे जड मानले जात होते, परंतु सुरुवातीलाच त्यांच्या एडमंड क्रेसवेल यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले, आणि बदली खेळाडूची सोयच नसल्याने ते तशाच अवस्थेत अखेरपर्यंत मैदानात राहिले. माझ्या मते त्या दिवसाचे खरे धैर्य तेच. मॉर्टन बेट्स यांनी ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावाने खेळत एकमेव गोल केला आणि ऑलकॉक यांच्याच नेतृत्वाखाली वाँडरर्सने चषक जिंकला.