बेहड्याचं दंतमंजन आणि आमची काळी कढई

आमचं मूळ काम मसाला कांडपाचं, चोपड्याला. मिरची, हळद, धने, बस. दंतमंजनाचं डोक्यातही नव्हतं, पण धाकट्याच्या दाढा पाचव्या वर्षीच काळ्या पडल्या आणि आजी म्हणाली, "गोड खाई खाई पोरना दात सडी ग्यात." तिच्या माहेरी अशा दाताला भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे आणि पाण्यात पडलेले किडे दाखवायचे. भाचा तेव्हा शिरपूरला फार्मसी करत होता, तो हसायलाच लागला, म्हणे मामा, दातात अळी वगैरे काही नसते, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स नावाचा बॅक्टेरिया असतो, तो साखर खाऊन चिकट थर करतो, त्यात बसून ॲसिड सोडतो आणि दातावरचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ५.५ च्या खाली गेला की वरचं आवरण विरघळायला लागतं. हिरडा-बेहडा-आवळ्यात जो तुरटपणा आहे ना, ते टॅनिन, ते याला नडतं.

झालं, आम्ही पेटलो. बेहडा आणि आवळा सातपुड्यातून, धडगावकडून यायचा, हिरडा जुन्नर-आंबेगावकडचा व्यापाऱ्यामार्फत. बिया काढून नुसती सालं घ्यायची, पाण्यात उकळून आटवायचं आणि वाळवायचं. पहिला घाणा घरच्या लोखंडी कढईत लावला. तासाभराने बघतो तर अख्खी कढई निळी-काळी, शाईच जणू! भाच्याला फोन केला तर म्हणे शाईच झालीय, हिरड्यात लोखंड मिसळून पूर्वी शाई अशीच करायचे. सात किलो माल नाल्यात. मंडळी दोन दिवस बोलली नाही, कढई तिची होती. तेव्हापासून स्टीलशिवाय काही वापरलं नाही.

अर्क भाच्याच्या ओळखीने टेस्ट करून घेतला. काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या थरावर बॅक्टेरिया पसरतात, त्या थरात मध्ये भोक पाडून अर्क टाकतात आणि ती बशी बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवून झाकण लावतात, कारण या जंतूला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो, मग ३७ डिग्रीला ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती स्वच्छ रिंग दिसली, म्हणजे तिथं जंतू वाढलाच नाही. मी पेढे आणायला निघालो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या थांबा, शेजारची क्लोरहेक्झिडीनची, म्हणजे चूळ भरायच्या जंतुनाशक औषधाची, रिंग बघा, ती तुमच्यापेक्षा मोठीय. आणि बशीत अर्क रात्रभर बसतो, तोंडात तुम्ही दोन मिनिटात चूळ भरता. खरं सांगू, राग आला होता. पण बोलल्या ते बरोबरच होतं.

पुढचं पटापट सांगतो. आयुर्वेदिक परवान्याला वेळ गेला, शेड्यूल टी, म्हणजे आयुर्वेदिक औषध बनवायच्या जागेचे आणि स्वच्छतेचे सरकारी नियम, त्याप्रमाणे वेगळी खोली बांधली, कर्ज झालं. पहिल्या पावसाळ्यात अर्काने ओल धरली आणि पाऊचमधल्या मंजनाचे दगड झाले, दुकानदारांनी सगळं परत पाठवलं, मग पाऊच बंद करून घट्ट झाकणाची डबी आणली. चव इतकी तुरट की पोरं थुंकायची, त्यात लवंग-पुदिना वाढवला.

आता भांडण एकाच गोष्टीवर आहे. डीलर म्हणतो डबीवर "कीड मुळापासून नष्ट" छापा भाऊ, बाकीचे छापतात. मी छापत नाही, पोखरलेला दात मंजनाने भरत नाही हे मी घरातच बघितलंय, धाकट्याच्या दोन दाढा शेवटी डॉक्टरकडेच भराव्या लागल्या. आम्ही छापतो "रोजच्या स्वच्छतेसाठी", आणि खाली "दात दुखत असल्यास डॉक्टरांना दाखवा". धुळ्याच्या डीलरने यंदा माल निम्मा केला. अमळनेर आणि यावलला मात्र बरा जातोय.