शोरूममधली गाडी, डोंगरावरची शर्यत

मेलबर्नला लेकीकडे लांबच्या मुक्कामाला आलेल्या आईवडिलांचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. नातवंडांना शाळेतून आणणं, मराठी मंडळाचा एखादा कार्यक्रम, शनिवारी इंडियन ग्रोसरी आणि एकदा कधीतरी ग्रेट ओशन रोड. आमच्या जावयाने त्यात मोटारींच्या शर्यती घुसवल्या. मी आधी नाकच मुरडलं होतं. कानठळ्या बसवणारा तो फॉर्म्युला वनचा प्रकार मला टीव्हीवरही फार वेळ झेपत नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमचं आयुष्य भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवण्यात गेलं. ही शर्यत तुमच्यासाठीच आहे. आपल्या गल्लीत उभ्या असतात ना, त्याच गाड्या पळतात."

आणि खरंच त्याच पळतात. याला प्रॉडक्शन कार रेसिंग म्हणतात. बीएमडब्ल्यू एम४, मस्टँग, सुबारू डब्ल्यूआरएक्स, ह्युंदाई आय३० एन, टोयोटा ८६. शोरूममधून गाडी आणायची, आतले गालिचे आणि मागची सीट काढून टाकायची, पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, रेसिंगची सीट आणि खांद्यावरून येणारे पट्टे लावायचे. ब्रेक पॅड, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर यांत नियमात बसेल तेवढाच फेरफार. किंमत आणि ताकद पाहून गाड्यांचे वर्ग पाडतात आणि सगळे वर्ग एकाच वेळी रस्त्यावर सोडतात. त्यामुळे पुढे मोठ्या गाड्यांची एक शर्यत चालू असते आणि त्यांच्यातूनच वाट काढत लहानांच्या दोन-तीन वेगळ्या चालू असतात. कोण कितवा आहे हे कळायला पहिला तासभर तरी जातो. मला तो हिशेब लावत बसण्यातच मजा वाटली.

मोसमातला सगळ्यांत मोठा दिवस म्हणजे ईस्टरच्या रविवारी होणारी बॅथर्स्टची सहा तासांची शर्यत. बॅथर्स्ट सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्स ओलांडून, साधारण 200 किलोमीटरवर. आम्ही मात्र मेलबर्नहून गाडीनेच गेलो. ऑल्बरीला ह्यूम हायवे सोडून ऑलिंपिक हायवे धरला. 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकची मशाल या वाटेने गेली, म्हणून हे नाव. वाटेत कूटामंड्रा लागलं. डॉन ब्रॅडमन यांचा जन्म इथला, 1908चा. क्रिकेटवर पोसलेल्या माझ्या पिढीच्या माणसाला तिथे न थांबता पुढे जाणं शक्यच नव्हतं. जन्मस्थानाच्या बाहेर फोटो काढला, गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि यंग, काउरा करत संध्याकाळी बॅथर्स्टला टेकलो.

माउंट पॅनोरमाचा ट्रॅक हा एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आम्ही शर्यतीच्या गडबडीआधीच पोचलो होतो, म्हणून जावयाने गाडी थेट ट्रॅकवर घातली. वेगमर्यादा ताशी 60, दोन्ही बाजूंनी वाहतूक, कडेला घरांची फाटकं आणि टपालाच्या पेट्या. एका बाजूला द्राक्षांचा मळा. 6.213 किलोमीटरची फेरी, आणि तळापासून माथ्यापर्यंत 174 मीटर चढ. सुरुवातीचा सरळ चढ संपला की 'द कटिंग' नावाचं वळण येतं. दोन्हीकडे भिंती, चढ असा की गाडी दुसऱ्या गिअरवर यावी. माथ्यावर मॅकफिलामी पार्क ओलांडून 'स्कायलाइन'ला आलो आणि समोरचा रस्ताच नाहीसा झाला. खाली बॅथर्स्टचं खोरं, आणि रस्ता बॉनेटच्या पलीकडे कुठेतरी खाली कोसळलेला. मागच्या सीटवर हिने डोळे मिटून घेतले. खंबाटकीची उतरण निम्म्या रुंदीची करून दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या, तर कदाचित अंदाज येईल. आणि आम्ही 40च्या वेगाने उतरत होतो.

शहराच्या मानाने डोंगराचा मान मोठा आहे. बॅथर्स्ट हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातलं युरोपियांनी वसवलेलं पहिलं गाव, 1815चं. 1851मध्ये जवळच ऑफिरला सोनं सापडलं आणि गर्दी उसळली. डोंगर मात्र त्याच्याही फार आधीपासून इथल्या मूळ रहिवाशांचा, विराजुरी लोकांचा, त्यांच्या भाषेत वाहलू. त्यावर हा रस्ता झाला 1938 साली, पर्यटकांनी वर जाऊन देखावा बघावा म्हणून. पण त्याच ईस्टरला तिथे ऑस्ट्रेलियन ग्रां प्री झाली! पर्यटनाच्या नावाखाली ट्रॅक बांधून घेतला, असा माझा पक्का संशय आहे. सरकारी निधी कुठल्या शीर्षकाखाली मिळवायचा, हे कौशल्य काही फक्त आपल्याकडेच नाही.

मुरेज कॉर्नरला, ट्रॅकला लागूनच, मोटार शर्यतींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. बाहेर पीटर ब्रॉक यांचा पुतळा. बॅथर्स्टची मोठी, दर ऑक्टोबरात होणारी 1000 किलोमीटरची शर्यत नऊ वेळा जिंकलेला हा माणूस इथल्या लोकांना फार जवळचा आहे. आत मी इतका वेळ काढला की ही आणि नात कंटाळून बाहेर हिरवळीवर जाऊन बसल्या. मला धागा सापडला होता. 1960मध्ये फिलिप आयलंडला आर्मस्ट्राँग 500 नावाची 500 मैलांची शर्यत सुरू झाली. प्रायोजक कोण, तर शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी कंपनी. अट अशी की गाडी बाजारात विकली जाणारी, आणि ऑस्ट्रेलियात बनलेली किंवा जुळवलेली हवी. हेतू उघड होता. आमच्या रस्त्यांवर, आमच्या मालाचं 500 मैलांत काय होतं ते बघू. आमच्या टूलरूममध्येही एखादा नवा पार्ट आला की 'चालवून मोडेपर्यंत बघा' हीच चाचणी असायची, त्यामुळे मला तो नियम एकदम पटला. गंमत म्हणजे आधी मोडला तो रस्ता. तीन वर्षांत तिथलं डांबर इतकं उखडलं की 1963मध्ये शर्यत बॅथर्स्टला आणावी लागली. तीच पुढे इथली मोठी शर्यत झाली.

पुढची दहा वर्षं हा डोंगर म्हणजे गाडी कंपन्यांचं दुकानच झालं. रविवारी जिंका, सोमवारी विका. 1966मध्ये पहिल्या नऊ क्रमांकांवर नऊच्या नऊ मिनी कूपर एस होत्या. मग फोर्ड आणि इथलीच गाडी कंपनी होल्डन यांच्यात जुंपली. दरवर्षी जास्त ताकदीची गाडी शोरूममध्ये आणायची, कारण ती शोरूममध्ये असल्याशिवाय शर्यतीत उतरवता येत नव्हती. फोर्डची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री ही त्यातली दंतकथा. 1971मध्ये ॲलन मोफॅट ती घेऊन जिंकले. 1972मध्ये वर्तमानपत्रांत बोंब झाली की ताशी 160 मैल पळणाऱ्या गाड्या पोराटोरांच्या हातात येणार. मंत्री खवळले, कंपन्यांनी नव्या गाड्या गुंडाळल्या आणि 1973पासून मोठ्या शर्यतीतून शोरूमची अटच गेली. शोरूममधल्या, म्हणजे प्रॉडक्शन गाड्या तेव्हापासून बाजूला पडल्या. नव्वदच्या दशकात बारा तासांच्या शर्यतीने त्यांना पुन्हा डोंगरावर आणलं. सहा तासांची ही शर्यत सुरू झाली 2016मध्ये. तेव्हा जिंकलेल्या बीएमडब्ल्यूमध्ये नेथन मॉर्कमबरोबर चॅझ मोस्टर्ट होता. आदल्या ऑक्टोबरात याच डोंगरावर गाडी भिंतीवर आदळून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. सहा महिन्यांत तो परत तिथेच!

शर्यतीच्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवारात, सहज फिरता येतं, ही मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. मोठ्या शर्यतींत तंबूच्या काचेपलीकडून बघावं लागतं, इथे जॅकवर चढवलेल्या गाडीखाली वाकून बघितलं तरी कोणी हटकत नाही. चालक बरेचसे हौशी. आठवडाभर गॅरेज किंवा बांधकामाचा धंदा, शनिवार-रविवारी हेल्मेट. त्यांच्या जोडीला एखादा व्यावसायिक चालक. एका गाडीचे पुढचे ब्रेक काढलेले बघितले. डिस्कवर केसाएवढ्या भेगा, सगळीकडून. मी मेकॅनिकला विचारलं, "यावर अजून किती चालवणार?" तो हसून म्हणाला, "सहा तास."

त्याचं हसणं खोटं नव्हतं. दीड टनाच्या वरची गाडी कॉनरॉड स्ट्रेटवरून अडीचशेच्या आसपास येते आणि खाली 'द चेस'ला आवरावी लागते, फेरीमागून फेरी. हे वळण पूर्वी नव्हतंच. 1986च्या शर्यतीत या सरळ रस्त्यावर माइक बर्गमन यांचा जीव गेला, त्यानंतर 1987मध्ये ते घातलं. आम्ही दुपारी तिथल्या उतारावर बसलो. चौथ्या तासापासून फरक ऐकू यायला लागला. सुरुवातीला ज्या खुणेपाशी ब्रेक लागत होते, त्याच्या बऱ्याच आधीपासून लोक पाय ठेवायला लागले. एका गाडीचा पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं, मी जावयाला सांगितलं, ही पुढच्या फेरीत आत जाणार. गेली. नातीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जपून ठेवली आहे.

पहिला बीएमडब्ल्यू. नेहमीचंच, म्हणे. खरं सांगायचं तर शेवटच्या तासात मी पहिल्याकडे बघतच नव्हतो. सगळ्यांत खालच्या वर्गातल्या दोन लहान गाड्या तासभर एकमेकींच्या बंपरला चिकटून चढत होत्या. मागून मोठी गाडी आली की दोघी बाजूला व्हायच्या, मग पुन्हा तेच. मावळता सूर्य चालकांच्या डोळ्यांत. टाळ्या मी त्या दोघींसाठी वाजवल्या.

हिवाळ्यात सिडनीला ईस्टर्न क्रीकचा ट्रॅक बघून आलो. 3.93 किलोमीटरचा, सपाट म्हणावा असा, मोटरवेला लागून, दिव्यांची सोय असलेला. सोयीचा आहे, पण डोंगर बघितलेल्या माणसाला तिथे करमत नाही. हॅरिस पार्क या तिथल्या भारतीय वस्तीतली पावभाजी त्याहून जास्त लक्षात राहिली.

फिलिप आयलंड मात्र वेगळं. मेलबर्नहून 140 किलोमीटर, सॅन रेमोचा पूल ओलांडला की बेट. लोक पेंग्विन बघायला जातात, आम्ही ट्रॅकवर गेलो. 1960च्या शर्यतीचं हेच ठिकाण. 4.445 किलोमीटरचा ट्रॅक थेट बास सामुद्रधुनीच्या कडेला, आणि वारा असा की थर्मासमधला चहा कपात ओतताना बाजूला उडतो. केप बॅरन गीझ नावाचे राखाडी बदक-हंस गवतात चरत असतात, मधूनच ट्रॅककडे निघतात आणि मार्शल लोकांची धावपळ होते. हे मार्शल सगळे स्वयंसेवक, दिवसभर झेंडे घेऊन वाऱ्यात उभे.

त्यांतल्या एका वयस्क गृहस्थाशी जेवणाच्या सुट्टीत गप्पा झाल्या. मी गाड्यांच्या धंद्यातला आहे म्हटल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं, तो मेलबर्नच्या आल्टोनाला टोयोटाच्या कारखान्यात होता, शेवटच्या दिवसापर्यंत. 2016च्या ऑक्टोबरात फोर्डने इथलं उत्पादन थांबवलं, पुढच्या ऑक्टोबरात टोयोटाने आणि मग होल्डनने. होल्डन हे नावसुद्धा 2020मध्ये निवृत्त केलं. ज्या शर्यतीची पहिली अटच 'गाडी इथली हवी' अशी होती, त्या शर्यतीच्या वारसात आज पळणाऱ्या गाड्या जर्मनी, जपान, कोरिया, अमेरिकेहून जहाजाने येतात. तो म्हणाला, "आता आम्ही फक्त चालवतो." मी त्याला चाकणबद्दल सांगितलं, तिथे रोज किती ट्रक गाड्या भरून निघतात, ते. तो बराच वेळ प्रश्न विचारत राहिला: शिफ्ट कशा असतात, प्रेस शॉप किती मोठा, ॲप्रेंटिस मुलं येतात का. तुमच्याकडे या गाड्यांची अशी सहा तासांची शर्यत होते का, हेही विचारलं. शर्यती कोइंबतूर आणि चेन्नईला होतात, पण पुण्याला ट्रॅक नाही, असं म्हटल्यावर त्याला ते खरंच वाटेना. एवढे कारखाने आणि ट्रॅक नाही? मलाही त्याचं उत्तर देता आलं नाही.

कोणी ईस्टरच्या सुमाराला सिडनीकडे येणार असेल तर बॅथर्स्टची खोली महिनेच्या महिने आधी घ्या, गावात जागा मिळत नाही. बसायला माथ्यावर मॅकफिलामी किंवा खाली चेस, मधल्या कशाच्या मोहात पडू नका. कानात घालायला बोळे आणि रात्रीसाठी जाड स्वेटर न्या. आणि शर्यत नसताना डोंगरावर गाडी घातलीत तर 60च्या पुढे जाऊ नका, पोलीस असतात.