फोटो राहू दे

"फोटो राहू दे. तुझ्याहून तो जास्त दमलाय."

बोटीवरचे काका एवढंच म्हणाले. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

प्रवाळाच्या कडेला पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं माशाचं खोटं आमिष, फेकला होता. भक्‌भक् पाणी उडवत ओढत होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्याला खालून पाणीच फुटलं. जायंट ट्रेव्हली! हा मासा गळाला लागला की खडकाकडे सुसाट सुटतो. दोरी खडकाला घासली की संपलं. मी हलका रॉड नेला होता, झुंज रंगते म्हणून. रंगली खरी, चांगली ३५ मिनिटं.

मासा परत सोडायचाच होता, म्हणून गळ एकच होता, त्याचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला, त्यामुळे तो क्षणात निघाला. पण मासा पोहेना. एका कुशीवर कलंडला.

काकांनी मला त्याची शेपूट बुडाशी धरायला लावली, तोंड प्रवाहाकडे. तिथल्या टणक खवल्यांची धार तळहाताला टोचत होती. कल्ले हळूहळू उघडत होते, मिटत होते. झुंज लांबली की स्नायूंत आम्ल साठतं, आणि पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, श्वासच बंद. हे सगळं मी वाचलेलं होतं! तरी माझा हात आधी मोबाइलकडेच गेला.

पाच-सहा मिनिटांनी शेपटीत जोर आला. एक हिसडा, आणि गेला.

जड रॉड असता तर तो दहा मिनिटांत सुटला असता. तुम्ही रॉड निवडताना कोणाचा विचार करता?